येड्यांचा पिक्चर

पप्पांना अर्धांगवायू झाला तो फेब्रुवारीतला रविवार होता आणि आम्ही चर्चला जायच्या गडबडीत होतो. मी नेहमीसारखी शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं शेवगावहून नगरला आले होते. पप्पा बेसिनपाशी दाढी करत होते. आधी ब्रश पडल्याचा आवाज आला, मग ते पडल्याचा. आई स्वयंपाकघरातून धावली, मी तिच्या मागे. ते भिंतीला पाठ लावून खाली बसले होते, एका गालाला साबण तसाच, आणि आमच्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, “बसा.”

दवाखान्यात दोन आठवडे गेले. उजवी बाजू गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतंय सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. सापडायचा तो एकच. तहान लागली की बसा, लघवीला झाली की बसा, कूस बदलताना दुखलं की बसा. मिशनच्या शाळेत सगळा जन्म त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं, शेवटची काही वर्षं हेडमास्तर होते. वर्गात शिरल्याबरोबर म्हणायचा शब्द तेवढा कुठेतरी खोल रुतून बसला असणार. भेटायला येणारे जुने विद्यार्थी खुर्ची ओढून खरंच बसायचे, आणि त्यांना वाटायचं, सरांनी ओळखलं. आम्ही काही बोलायचो नाही.

मी बँकेत अर्ज केला आणि नगरच्या शाखेत बदली मागून घेतली. लग्न केलेलं नव्हतं, शेवगावच्या खोलीत एक कपाट आणि एक कॉट होती, ती टेम्पोत घालून आणली. घरात पप्पांचा पलंग बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर लावला, कारण आतल्या खोलीत तो वळतच नव्हता. सकाळी मी आणि आई मिळून त्यांना पुसायचो, डायपर बदलायचो, पाठीला पावडर लावायचो. तरी एप्रिलमध्ये माकडहाडापाशी जखम झालीच. बोटभर खोल. आई ती रोज धुवायची.

टीव्हीचं सांगते. आमच्या घरी रविवार दुपारचा एक नेम होता. चर्चहून आल्यावर मटणाचा रस्सा, भाकरी, आणि मग काळापांढरा इंग्रजी सिनेमा. पप्पांना ही चटक कॉलेजात असताना कॅम्पातल्या थिएटरात लागली होती. नंतर घरी केबल आली, केबलवर जुने सिनेमे दाखवणारं एक चॅनेल आलं, त्यानंतर सीडी, आणि शेवटी मी भरून आणलेले पेन ड्राइव्ह. सिनेमे एकाच जातीचे. त्यांना इंग्रजीत स्क्रूबॉल कॉमेडी म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे त्याला येड्यांचा पिक्चर म्हणत. नाव आईनं ठेवलेलं.

एखादी कोट्यधीश बाई ओळख लपवून स्वतःच्याच बंगल्यात मोलकरीण म्हणून राहते. एखादा न्यायाधीश हॉटेलच्या लिफ्टमध्ये बदकासकट अडकतो आणि दार उघडतं तेव्हा समोर त्याची सासू. माणसं एका दारानं आत येतात, दुसऱ्यानं पळतात, एकमेकांच्या टोप्या घालतात, आणि अखंड बोलत असतात. काय वेगानं बोलतात! एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू, आणि बायका तर पुरुषांना श्वास घेऊ देत नाहीत. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, आणि सुटाबुटातला शहाणा माणूस शेवटी चिखलात. पप्पा, ज्यांना शाळेत कधी हसताना कुणी पाहिलं नव्हतं, ते खुर्चीत दुमडून हसायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. मला त्यांचं ते हसणं फार आवडायचं. त्यासाठीच मी शेजारी बसायचे.

आईला इंग्रजी येत नव्हतं. ती शेवगावजवळच्या खेड्यातली, चौथी शिकलेली, लग्नाआधीपासून शाळेच्या बोर्डिंगात स्वयंपाक करायची. ती खाली बसून मेथी नाहीतर लसूण निवडत सिनेमा बघायची आणि विचारायची, “काय म्हनती ती?” मग पप्पा सांगायचे. हसता हसता, पडद्यावरच्या माणसांइतक्याच वेगानं. त्यांच्या मराठीत ती कोट्यधीश बाई शुगर फॅक्टरीच्या चेअरमनची मुलगी व्हायची आणि न्यायाधीश राहात्याला मामलेदार. लहानपणी मला तेच सिनेमे वाटायचे. पुढे इंग्रजी येऊ लागलं तेव्हा लक्षात आलं की ते बरंच पदरचं घालतात, पण तोवर मी शेवगावला नोकरीला लागले होते, आणि रविवारी दुपारी जेवून मला झोप यायची. मी कधी नीट ऐकलं नाही.

मे महिन्यात फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, त्यांना आवडायचं ते ऐकवा, कुणी सांगावं, एखादा शब्द परत येईल. म्हणून त्या रविवारी मी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. त्यांच्या लाडक्या सिनेमांपैकी एक. बायको दुसरं लग्न करते आहे म्हणून एक नवरा खोटी दाढी लावून, वेटर बनून तिच्या लग्नाच्या पंगतीत शिरतो, असा तो होता. पप्पांना उशा लावून बसतं केलं. पहिली काही मिनिटं ते नुसते बघत होते. मग त्या वेटरनं नवऱ्या मुलाच्या मांडीत सूप सांडलं, आणि पप्पा हसले. तोंडाची एकच बाजू वर गेली, आवाज घशातून घरघरत आला, पण ते हसणंच होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी आईकडे बघितलं. तीही लसूण सोलता सोलता हसत होती.

“काय म्हनती ती?” तिनं सवयीनं विचारलं, आणि मग तिच्याच लक्षात आलं की सांगणारा सांगू शकत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

“ती म्हणते, तू इथून चालता हो. माझ्या लग्नाचा विचका करू नकोस.”

“न्हाई गं,” आई म्हणाली. “तसं न्हाई म्हनत. ती म्हनती, ‘इतक्या लोकांत तुमी मला वळख दिली न्हाई, तर मी काय समजायचं?’ मला पाठ हाय हा पिक्चर. आन आता तो दाढी काढून सगळ्यांम्होरं सांगंल, ‘ही माझी बायको हाय.’”

पडद्यावर त्या माणसाला पोलिसांनी धरलं होतं आणि तो घाईघाईनं काहीतरी बोलत होता.

“नाही आई,” मी म्हणाले, “तो म्हणतो, या बाईला मी जन्मात कधी पाहिलेलं नाही. तिथेच तर सगळी गंमत आहे.”

मला वाटलं ती हसेल. तिनं माझ्याकडे बघितलं, मग पप्पांकडे. पप्पांनी मान खिडकीकडे वळवली होती. आईनं हातातल्या पाकळ्या ताटात टाकल्या आणि ती उठून आत गेली.

मी बरोबर अर्थ सांगितला होता. एवढंच मला त्या दिवशी समजत होतं.

पुढचे दोन रविवार ती सिनेमाला बसली नाही. मी शेवटी तिला विचारलं, ती गच्चीवर पप्पांच्या चादरी वाळत घालत होती तेव्हा. ती चादरीची टोकं जुळवत राहिली. मग बोलली.

मी चार वर्षांची असतानाची गोष्ट. शाळेच्या वाढदिवसाचं मोठं गॅदरिंग होतं, मुंबईहून संस्थेचे एक साहेब आणि त्यांची बायको आली होती. पप्पांचं नाव हेडमास्तरच्या जागेसाठी चालू होतं. जेवणं बोर्डिंगच्या हॉलमध्ये. सगळ्या शिक्षकांच्या बायका साड्या नेसून पंगतीत बसल्या होत्या. आई वाढत होती.

“मी भात घेऊन त्यांच्या म्होरं आले,” आई म्हणाली. “त्या साहेबाच्या बायकोनं इचारलं, ‘सर, तुमच्या मिसेस न्हाई आल्या?’ मी हितं आन ते तिथं. हात लांबवला असता तर लागला असता. तर मास्तर म्हनले, ‘तिची तब्येत बरी नाही.’”

“तुझ्यासमोर?”

“माझ्यासमूर. मग ताट म्होरं केलं आन मी भात वाढला. बाकीच्या मास्तरांना ठावं हुतं की मी कोन. सगळी खाली बघून जेवाया लागली. तू माझा पदर धरून हुतीस. तुला कसं आठवंल.”

मला आठवत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. तो हॉल आठवतो, तांब्याच्या हंड्या आठवतात, पण ते वाक्य नाही.

“घरी आल्यावर काही बोलले?”

“काय न्हाई. दोन वर्सांनी हेडमास्तर झाले. मग मला म्हनले, आता बोर्डिंगचं काम सोड, हेडमास्तरची बायको भाकऱ्या थापती, बरं दिसत न्हाई. सोडलं.” तिनं चिमटा लावला. “मग ती केबल आली. आन दर पिक्चरला तो इंग्रज मानूस सगळ्यांम्होरं म्हनायचा, ‘ही माझी बायको हाय.’ कधी हॉटेलात, कधी कोर्टात, कधी बोटीवर. मी काय येडी हाय का? त्या मानसाला काय पडलं हुतं दर आयतवारी तेच म्हनायला?”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“दुसऱ्याच पिक्चरला कळलं. मी म्हनलं, बरं हाय, ह्या वाटंनं तरी येत्यात. कधीतरी टीव्ही बंद करतील आन म्हनतील. इतकी वर्सं ऐकत बसले.” तिनं रिकामी बादली उचलली. “आता तर काय, बसा.”

मी तिला सांगू शकले नाही की त्या सिनेमांत बहुतेक उलटंच असतं. नवरा बायकोला ओळखत नसल्याचं सोंग करतो आणि त्यातूनच सगळा गोंधळ उडतो. पप्पांनी तो भागच प्रत्येक वेळी फिरवला होता. पण ते तिला एव्हाना कळलंच होतं. मीच कळवलं होतं.

पुढच्या रविवारी मी एक प्रयत्न करून बघितला. सिनेमा लावला, आईला हाताला धरून आणून बसवलं, आणि पप्पांसारखं पदरचं सांगायला लागले. चेअरमनची मुलगी, मामलेदार, सगळं. दहा मिनिटं झाली असतील. आई म्हणाली, “तू नको सांगू. तुझं खोटं वाटतं.” पप्पा आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होते.

मग तीच सांगायला लागली.

त्या दिवशीचा सिनेमा तिनंही कधी पाहिलेला नव्हता, मी नवीन आणला होता. एका मोठ्या घरात मेजवानी चालली होती. पुरुष काळ्या कोटात, बायकांच्या गळ्यात मोती. आई पलंगाच्या कडेला उभी राहिली, पदर खोचून, आणि टीव्हीकडे बघत पप्पांना म्हणाली, “ऐका मास्तर. आज मी सांगते. हे सगळे मोठे लोक जेवायला बसल्यात. पावणे मुंबईचे हायेत.”

पप्पा हसले. त्यांना वाटलं असणार, ही आता काहीतरी धमाल सांगणार. पडद्यावर एक जाडा माणूस टेबलाखाली काहीतरी शोधत होता, तेही हसण्यासारखंच होतं.

“ती मोत्याची बाई त्याला म्हनती, ‘तुमच्या मिसेस न्हाई आल्या?’ आन तो बघा काय म्हनतो. म्हनतो, ‘तिची तब्येत बरी नाही.’ आन ती तर तिथंच हाय. ती बघा मागं, ताट घेऊन उभी. दिसली का? तिला कुनी बघत न्हाई, पन ती हाय. तिच्या हातात भाताचं भांडं हाय. गरम हाय. चटके बसत्यात.”

पप्पांचं हसू हळूहळू गेलं. मी तोंडाची ती बाजू बघत होते, जी अजून हलत होती.

“आई, पुरे,” मी म्हणाले.

“तू मधी बोलू नको. तिचं लेकरू पदर धरून हाय. ती मनात म्हनती, पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं आन नंतर भाईर जाऊन रडला तरी. ह्यो एकदाच म्हनला, पन भात खाऊन उठला, हात धुतला, पान खाल्लं. रडला न्हाई.”

“बसा,” पप्पा म्हणाले. मग पुन्हा, “बसा. बसा.” डावा हात पलंगावर आपटत होता. ते तिला थांब म्हणत होते, की माफ कर म्हणत होते, की ज्या पंगतीत तिला बसवलं नाही तिथे बस म्हणत होते, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. कालच गॅसवाल्यालाही ते तेच म्हणाले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण झटका आल्यापासून त्यांचे डोळे तसे सारखेच पाझरायचे.

आई बसली नाही. तिनं सिनेमा शेवटपर्यंत सांगितला. त्या माणसांची भांडणं, पळापळ, गाडी तळ्यात गेली ते, सगळं तिच्या पद्धतीनं. शेवटी पडद्यावर कुणीतरी कुणाचं तरी चुंबन घेतलं. “झालं लगीन,” ती म्हणाली. “संपला पिक्चर.” पदरानं पप्पांची हनुवटी पुसली, आत जाऊन नाचणीची पेज आणली आणि रोजच्यासारखी चमचा चमचा भरवली. त्यांनी ती खाल्ली.

त्यानंतर टीव्ही लावला की पप्पा तोंड फिरवायचे. बातम्या असल्या तरीसुद्धा. मी दोनदा लावून बघितला, मग बंद केला. ऑगस्टमध्ये त्यांना पेज गिळता येईनाशी झाली, ठसका लागायचा. नळी घातली. छातीत कफ भरला, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, आई त्यांची पाठ धुवत असताना ते गेले. तिनं मला बँकेत फोन केला आणि एवढंच म्हणाली, “ये.”

चर्चमध्ये खूप माणसं आली होती. पाळकसाहेबांनी त्यांच्या शिस्तीबद्दल सांगितलं, विद्यार्थ्यांनी त्यांच्या इंग्रजीबद्दल. एक फार म्हातारे निवृत्त शिक्षक काठी टेकत आईपाशी आले आणि म्हणाले, “बाई, सर फार मोठा माणूस होता.” आई म्हणाली, “व्हय.” मला वाटतं, त्या पंगतीत तेही होते. मी विचारलं नाही.

काही दिवसांनी मी तिला म्हणाले, “तू त्या दिवशी तसं बोलायला नको होतंस. त्यांना उत्तर देता येत नव्हतं.”

ती तांदूळ निवडत होती. “देता येत हुतं तवा कुठं दिलं?” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “मी बोलले म्हनून न्हाई गेले ते. छातीत कफ हुता. डॉक्टरनी सांगितलं.” आणखी थोड्या वेळानं तिनंच मला विचारलं, “कफच हुता ना?”

“कफच होता,” मी म्हणाले.

नोव्हेंबरात कबरीवरचा दगड करायला आम्ही दोघी गेलो. दगडवाल्यानं वही पुढे केली, मजकूर लिहा म्हणाला. मी पप्पांचं नाव लिहिलं, जन्म, मृत्यू, निवृत्त मुख्याध्यापक, आणि बायबलमधलं एक वचन. आईनं वही स्वतःकडे ओढली. चौथी शिकलेल्या अक्षरात तिनं खाली आपलं संपूर्ण नाव लिहिलं आणि पुढे, ‘यांचे पती’.

दगडवाला वाचून म्हणाला, “आजी, असं नसतं लिहीत. ‘पत्नीकडून’ असं लिहितात. आणि एवढं सगळं एका दगडावर मावणार नाही.”

“वचन काढ,” आई म्हणाली.

“वचन काढून चालेल?”

“वचन देवाला पाठ हाय.”

मला हसू आलं. अशा ठिकाणी, अशा वेळी, ते आवरेना. मी दुकानाबाहेर येऊन दगडाच्या भुकटीत उभी राहून हसले आणि मग ते हसणं कशात गेलं मला कळलं नाही. आई आतून बघत होती. तिनं मला हाक मारली नाही. दगडवाल्याला अक्षरं किती मोठी हवीत ते ती बोटांनी दाखवत होती.

आता आम्ही दोघीच राहतो. रविवारी ती चर्चहून आल्यावर झोपते. मी कधीकधी इअरफोन कानाला लावून मोबाईलवर एखादा येड्यांचा पिक्चर बघते. ते अजूनही तितकेच सुंदर आहेत. ती दारं, त्या टोप्या, ते वेगानं बोलणं. नवरा बायकोला ओळखत नाही म्हणतो तो प्रसंग बहुतेकांत येतोच, आणि तिथे लोकांनी सगळ्यात जास्त हसावं अशीच त्याची रचना असते. मी तो भाग पुढे सरकवत नाही. बघते.